नक्कल तयार होती, उचलायला कोणी नव्हतं

पत्र : "मी पाच वर्षं पुण्यातल्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये होते. दोन वर्षांपूर्वी सांगलीला बाबांच्या ऑफिसात आले. बाबा, मी, दोन ज्युनिअर, एक टायपिस्ट आणि एकतीस वर्षांपासूनचे कारकून नाना, एवढी माणसं. चालू मॅटर सहाशेच्या घरात. दिवाणी जास्त, चेकच्या केसेस बऱ्याच, थोडी मोटार अपघाताची. सकाळी साडेआठपासून रात्री नऊपर्यंत ऑफिस चालतं, तरी कामं मागेच. वर्षाला चाळीस हजार भरून मी एक सॉफ्टवेअर घेतलं. आठ महिने झाले, माझ्याशिवाय त्यात कोणी काही भरत नाही. नाना लाल डायरी सोडत नाहीत. परवा कळलं की एका अपिलाची मुदत संपून सात दिवस झालेत. कोर्टाच्या नक्कल विभागात निकालाची प्रमाणित नक्कल तयार होऊन अकरा दिवस पडून होती. टायपिस्टनं ते अकरा दिवसही वजावटीत धरले, म्हणून आम्ही समजत होतो की अजून चार दिवस हातात आहेत. अपिलाचा मसुदा तर बाबांच्या टेबलावरच आहे. बाबा म्हणतात, होतं असं, विलंब माफीचा अर्ज टाकू. मला झोप लागत नाही. ऑफिस सुधारायचं तर सुरुवात कुठून करू? — एक ज्युनिअर, विश्रामबाग, सांगली"

उत्तर : वयानं तू माझ्या थोरल्या मुलीएवढी असशील, म्हणून सरळ 'तू' म्हणते. आणि पहिली गोष्ट ऑफिस सुधारण्याची नव्हे. ते अपील अजून दाखल झालं नसेल तर हा मजकूर बाजूला ठेव, बाबांच्या टेबलावरचा मसुदा उचल आणि विलंब माफीच्या अर्जासह दाखल करून ये. तू सुधारणेचा विचार करतेयस तेवढ्यात सातचे आठ होतायत, आणि प्रत्येक वाढीव दिवसाचा खुलासा तुलाच द्यायचाय.

आलीस? आता बोलू.

तुझ्या पत्रात तू सॉफ्टवेअरबद्दल लिहिलंस आणि नकलेबद्दल दोन ओळी. माझ्या मते सगळं दुखणं त्या दोन ओळींत आहे. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवस. त्यातून नकलेसाठी लागलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वजा होतो, पण तो अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. तयार होऊन पडून राहिली ते दिवस आपल्या खात्यावर. हे बाबांना माहीत आहे, तुला माहीत आहे, नानांना तर तुमच्या दोघांच्या आधीपासून माहीत आहे. नकलेच्या शेवटच्या शिक्क्यात तिन्ही तारखा असतात : अर्ज कधी, तयार कधी, दिली कधी. मग चुकलं कुठे? हिशोब टायपिस्टनं केला, कारण तिच्यापुढे ती नक्कल आली. उचलायला कोणी गेलं नाही, कारण ज्युनिअरला वाटलं नाना जातील, नानांना वाटलं अर्ज ज्युनिअरनं दिलाय तर तोच जाईल. तू हे लिहिलेलं नाहीस, पण सांगलीतल्या निम्म्या ऑफिसांत हेच होतं, म्हणून अंदाजानं सांगते. चुकत असेन तर कळव.

यात सॉफ्टवेअर कुठे कमी पडलं? कुठेच नाही. ते काम कुणाचं, हे ठरलेलं नव्हतं, एवढंच. आणि ज्या ऑफिसात काम कुणाचं ते ठरलेलं नाही, तिथे चाळीस हजारांचं सॉफ्टवेअर घातलं की ते कुणी भरायचं हेही ठरत नाही. तू भरतेस. म्हणजे तुझं काम एकानं वाढलं.

मी तुझ्या जागी असते तर वर्ष संपेपर्यंत ते तसंच ठेवलं असतं आणि पुढचे पैसे भरले नसते. सॉफ्टवेअर वाईट आहे म्हणून नव्हे. सहा माणसांच्या ऑफिसला त्यातलं जे खरोखर लागतं, ते फुकटात मिळतं म्हणून. पन्नास वकिलांच्या फर्ममध्ये तासावर बिल लागतं, तिथे कुणी किती मिनिटं काय केलं याची नोंद म्हणजे पैसा. आपल्याकडे 'निकालापर्यंत एवढे' ठरतात, तेही दोन-तीन हप्त्यांत, त्यातला शेवटचा बहुतेक वेळा येतच नाही. पुण्याचं माप इथल्या अंगाला लावायला गेलीस, तिथे गफलत झाली. फक्त बंद करायच्या आधी तुझी भरलेली माहिती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते का ते बघ. येत नसेल तर त्या कंपनीशी भांडायला आत्ताच सुरुवात कर.

आता नाना आणि त्यांची लाल डायरी. इथे जरा रेंगाळते, कारण मला ती डायरी ओळखीची आहे.

माझं ऑफिस गावभागात होतं, तळमजल्यावर. भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. आम्ही शहाणपणा करून फायलींची कपाटं त्या खुणेच्या दोन फूट वर बसवून घेतली आणि निर्धास्त झालो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ची. पाणी उतरल्यावर कुलूप उघडायला गेलो तर दार उघडेना, आतून फुगलेल्या दप्तरांनी ते दाबून धरलेलं. कपाटातल्या फायली भाकरी फुगावी तशा फुगलेल्या. वकीलपत्रांवरच्या सह्या वाहून गेलेल्या, स्टॅम्प पेपर एकमेकांना चिकटलेले, आणि त्या चिखलाचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. आठ दिवस गच्चीवर दोऱ्या बांधून चिमट्यांनी कागद वाळत घातले. शेजारच्या बायका विचारायच्या, "वकीलीणबाई, आज काय धुतलंय?"

वाचलं काय? आमच्या कारकुनांची डायरी. ते ती रोज संध्याकाळी पिशवीत घालून माधवनगरला घरी न्यायचे. मी त्यावरून त्यांना कितीदा बोलले होते, ऑफिसची वस्तू ऑफिसात राहू दे म्हणून. त्या डायरीवरून आम्ही चालू मॅटरची यादी पुन्हा उभी केली, कुठल्या कोर्टात काय टप्प्यावर आहे ते कळलं, मग एकेक करून नकला काढल्या. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा चालू फायलींचे स्कॅन होते. सगळ्यांचे नव्हते, तेवढा धीर कुणाला असतो, पण चालूंचे होते.

म्हणून सांगते, नानांची डायरी हा तुझ्या ऑफिसचा अडथळा नाही, तो तुझ्या ऑफिसचा एकमेव पूर्ण दस्तऐवज आहे. तिच्यात खोट एकच, ती एकाच माणसाला वाचता येते. नानांना दोन दिवस ताप आला की सहाशे मॅटर आंधळी. तू सॉफ्टवेअर आणलंस ते नानांना न विचारता आणलंस ना? खरं सांग. मग एकतीस वर्षं ज्या माणसानं एकेक तारीख हातानं लिहिली, त्याला त्यातून काय ऐकू आलं असेल? 'आता तुमची गरज नाही' हेच. तो कशाला त्यात माहिती भरेल?

नानांकडे जा. चहाच्या वेळी, बाबा नसताना. डायरी उघडून एक पान समजावून द्या म्हणावं. तुला दिसेल की तारखेपुढे ते नुसतं नाव आणि नंबर लिहीत नाहीत. कडेला बारीक अक्षरात काहीतरी असतं : 'सा. रजेवर' (सा. म्हणजे न्यायाधीश साहेब), 'समोरचे मुदत मागणार', 'साक्षीदार विट्याचा, आदल्या दिवशी फोन'. माझ्या कारकुनांच्या डायरीत एका जागी नुसतं 'छत्री' लिहिलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, "त्या कोर्टात वऱ्हांडा गळतोय वो ताई." ईकोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांच्या सरकारी ॲपवर तारीख मिळते, छत्री मिळत नाही.

तर दोन्ही जोडायचं. प्रत्येक मॅटरला सीएनआर नंबर असतो, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, सोळा अक्षर-आकड्यांचा. ईकोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये तो घातला की मॅटर 'माय केसेस'मध्ये बसतं, मग एका बोटानं सगळ्यांच्या पुढच्या तारखा ताज्या होतात. दोन ज्युनिअरांनी रोज दहा-दहा घातले तर महिन्याभरात सहाशे होतात. एक खबरदारी मात्र आत्ताच घे : ही यादी त्या फोनमध्येच राहते. एक्सपोर्ट करून तिची फाइल दर शनिवारी दुसरीकडे ठेवायची, नाहीतर फोन रिक्षात विसरला की यादी गेली. आणि रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, ॲपवर कधी त्याच संध्याकाळी चढतो, कधी दोन दिवसांनी. म्हणून ॲपवरची तारीख आणि नानांची तारीख जुळत नसेल तर नाना खरे धरायचे आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात बघून यायचं.

याच्या जोडीला गुगल शीटवर एक साधा तक्ता कर. सीएनआर, पक्षकार, कोर्ट, पुढची तारीख, कशासाठी, काम कुणाकडे, पक्षकारानं यायचं का. बस्स. 'काम कुणाकडे' या रकान्यात एकच नाव, 'नाना/अमुक' असं तिरकी रेघ मारून दोन नाही. तुझी नक्कल त्या तिरक्या रेघेत अडकली होती.

आणि रोज संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर चहा झाला की, वीस मिनिटं उद्याचा बोर्ड, म्हणजे उद्या लागलेल्या मॅटरची यादी, वाचायचा. नानांनी डायरीतून मोठ्यानं वाचायचं, ज्युनिअरनं तक्ता भरायचा, तू ऐकायचंस. नानांनी टाइप करायचं नाही. त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवू नकोस, त्यांचं ते काम नव्हे आणि तुला त्यातून काही मिळणारही नाही. आठवडाभरात तुला एक गोष्ट दिसेल : विट्याला उलटतपास आणि विजयनगरला मनाईचा युक्तिवाद एकाच दिवशी लागलेला आदल्या रात्री कळतो, तो आता आठ दिवस आधी कळायला लागेल. एवढं एक झालं तरी बाबा त्या वीस मिनिटांना येऊन बसतील. पहिल्या आठवड्यात येणार नाहीत, आग्रह करू नकोस.

मुदतींची वही मात्र वेगळी ठेव. कागदाची ठेवलीस तरी चालेल, मी तर कागदाचीच ठेवायचे. तारीख चुकली तर कोर्ट बहुतेक वेळा दुसरी देतं, मुदत चुकली की दार बंद होतं, म्हणून दोन्ही एका यादीत घालू नयेत. दिवाणी दाव्यात कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) समन्स लागल्यापासून ३० दिवसांत, कोर्टानं वाढवून दिलं तर ९० पर्यंत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत अगदी लोखंडी नाही असं म्हटलं खरं, आणि तेव्हापासून आपल्या लोकांनी ती रबराची करून टाकलीय, पण व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर खरंच दार बंद. कॅव्हेट ('आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' हा अर्ज) ९० दिवसांनी संपतं, नव्यानं टाकायचं लक्षात कुणाच्या राहतं? उच्च न्यायालयात पहिलं अपील ९० दिवस.

चेकच्या केसेस तुझ्याकडे बऱ्याच आहेत म्हणतेस, तिथे तर डोळ्यात तेल घालून बघ. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस पोचल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते संपल्यापासून एक महिन्यात फिर्याद. फिर्यादीचा उशीर सबळ कारण दाखवलं तर कोर्ट माफ करू शकतं, नोटिशीचा नाही. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असली तर तो पुन्हा भरता येतो, तेवढी एकच वाट उरते. तासगावचा बेदाणावाला किंवा मार्केट यार्डातला हळदीचा व्यापारी चेक न वटल्याचा बँकेचा मेमो हातात आल्यावर वीस दिवस समोरच्याच्या मिनतवाऱ्या करतो आणि एकविसाव्या दिवशी तुझ्याकडे येतो. तेव्हा त्याला खुर्ची द्यायच्या आधी मेमोवरची तारीख बघायची सवय टायपिस्टलासुद्धा लागली पाहिजे.

वहीत प्रत्येक मुदतीपुढे तीन तारखा : शेवटची, तिच्या दहा दिवस आधीची, तीन दिवस आधीची. आणि मोजणी दोघांनी स्वतंत्र करायची, एकानं दुसऱ्याची बघून नाही. टायपिस्टनं हिशोब चुकवला यात तिचा काय दोष? तिला कुणी शिकवलं होतं?

आता अवघड भाग. तुझे बाबा.

एक आठवडा एक काम कर. प्रत्येकानं आपल्या वहीत दर तासाला एक ओळ लिहायची, या तासात काय केलं. खोटं लिहिलं तरी चालेल, शुक्रवारपर्यंत माणूस कंटाळून खरं लिहायला लागतो. मी हे केलं होतं तेव्हा माझ्या टायपिस्टचा सगळ्यात जास्त वेळ टायपिंगमध्ये जात नव्हता. तो 'बाईंनी बघितलं का?' हे विचारत माझ्या दाराशी उभं राहण्यात जात होता. ज्युनिअरांचंही तेच. ऑफिसातली सगळ्यात अरुंद जागा माझं टेबल होतं. मला फार राग आला होता. कुणाचा ते कळेना, म्हणून सगळ्यांवरच काढला.

तुमच्याकडचं अपील बाबांच्या टेबलावर पडून होतं, तेव्हा तिथली गोष्ट वेगळी असेल असं मला वाटत नाही. मुदत अर्ज (पुढची तारीख मागण्याचा), नक्कल अर्ज, वकीलपत्र, कागद हजर करण्याची यादी, हे बाबांनी दाखल होण्याआधी बघायची गरज नाही. दावा, कैफियत, अपील, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, त्यावरचं म्हणणं, नोटिशीचं उत्तर, हे बघितल्याशिवाय जायचं नाही. ही रेघ तू आखू नकोस, त्यांना आखायला लाव. कागद पुढे ठेव आणि विचार, "बाबा, यातलं काय काय तुम्ही न बघता गेलं तर चालेल?" बाप मुलीनं सांगितलेलं ऐकत नाही, पण मुलीनं विचारलेलं सांगतो. निदान सांगलीत तरी.

आणि जे त्यांनीच बघायचं त्याला वेळ बांधून घे. सकाळचे पाऊण तास, पक्षकार यायच्या आत, दार लावून. दुरुस्त्या त्यांनी हातानं लिहायच्या नाहीत, बोलायच्या. फोनमध्ये मराठी बोलून टाइप होतं आता, बऱ्यापैकी बरोबर होतं. 'प्रतिवादी'चं 'प्रति वादी' होईल एखाद्या वेळी, पण बाबांचं अक्षर लावत बसण्यापेक्षा बरं. नेहमीच्या वीसेक अर्जांचे नमुने त्यांच्याच जुन्या फायलींतून काढ, इंटरनेटवरून नको. त्यांना स्वतःची भाषा दिसली की कात्री कमी चालते.

फोनचं सोपं आहे. पक्षकार दिवसातून तीनदा फोन करतो तो छळायला नव्हे, त्याला काही कळत नाही म्हणून. बोर्ड वाचून झाला की ज्युनिअरनं आज ज्यांची तारीख होती त्यांना व्हॉट्सॲपवर तीन ओळी पाठवायच्या : आज काय झालं, पुढची तारीख, तुम्ही यायचं की नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. जतहून पहाटेची एसटी धरून आलेला म्हातारा वऱ्हांड्यात दिवसभर बसतो आणि संध्याकाळी त्याला सांगतात, "साहेब रजेवर आहेत." ते आदल्या रात्री ॲपवर दिसत नव्हतं, पण नानांना आदल्या दुपारीच माहीत होतं. एका मेसेजनं त्याची मजुरी वाचली असती. हे उत्पादकता वगैरे शब्दांत बसत नाही, पण वकिली ह्याच्यावरच चालते.

व्हॉट्सॲपवर उलट दिशेनं येणाऱ्या कागदांना मात्र शिस्त लाव. ज्याच्या त्याच्या फोनवर सातबारे, पावत्या, रेकॉर्डिंग येऊन पडतात आणि त्या ज्युनिअरनं नोकरी सोडली की जातात. ऑफिसचा एकच नंबर, आलेलं त्याच दिवशी मॅटरच्या फोल्डरमध्ये. आणि मेसेज किंवा रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वापरायचं असेल तर पक्षकाराला सांग की मूळ फोन विकू नको, फॉरमॅट करू नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा) द्यावी लागते. फॉरवर्ड होऊन होऊन झिजलेल्या फोटोवर ते प्रमाणपत्र कुणी द्यायचं?

फीचं थोडक्यात : पक्षकाराच्या पैशांचा हिशोब ठेवणं हा बार कौन्सिलचा नियमच आहे. कोर्ट फी, नक्कल खर्च आणि तुमची फी या तीन वेगळ्या ओळी असू देत, पुढचं भांडण वाचतं.

स्कॅनिंग. सगळं जुनं रेकॉर्ड स्कॅन करायला घेऊ नकोस, त्यात वर्ष जाईल आणि मधेच कंटाळून सोडशील. फक्त चालू, आणि त्यातही ज्याची पुढची तारीख जवळ ते आधी. फायलीचं नाव सगळ्यांनी एकाच पद्धतीनं द्यायचं. ई-फायलिंगसाठी पीडीएफ करावीच लागते, तेव्हा ती नीट एकदाच कर. तुमचं जुनं टायपिंग जर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात असेल तर ते शोधता येत नाही. 'गट नंबर ४१२' शोधलं तर कॉम्प्युटरला काहीच सापडत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं ती मराठी अक्षरं नाहीतच. नवीन सगळं युनिकोडमध्ये. टायपिस्टला कीबोर्ड तोच ठेवता येतो, तिला पुन्हा पहिलीत बसवायची गरज नाही.

तुझा एक ज्युनिअर एआयला विचारून निवाडे काढत असणारच. सगळेच काढतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. केरळ उच्च न्यायालयानं तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी एआय कसं वापरायचं आणि कसं नाही याचं धोरणच काढलं. तेव्हा नियम एक : निवाडा ई-एससीआरवर (सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांचं संकेतस्थळ) किंवा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून वाचल्याशिवाय अर्जात जाणार नाही. ई-एससीआर फुकट आहे, आळसाला सबब नाही. आणि पक्षकाराचं नावगाव, त्याची कहाणी त्या यंत्रात ओतायची नाही. साक्ष्य अधिनियमातलं वकील-पक्षकार गोपनीयतेचं कलम १३२ कारकून आणि नोकरांनाही लागू होतं, हे ज्युनिअरांना एकदा वाचून दाखव.

एका कामाला मात्र मी एआय बिनदिक्कत वापरेन. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. पूर्वी महालक्ष्मीनं रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचं, आता सकाळी निघून पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर. अंतर कमी झालं तसे पक्षकारही 'वर जाऊ या' लवकर म्हणायला लागलेत. वर जायचं म्हणजे मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर आलं. त्याचा कच्चा मसुदा यंत्राकडून, नावं-नंबर झाकून. पण सातबाऱ्यातला प्रत्येक आकडा माणसानं मुळाशी ताडून बघायचा. 'पोटखराबा', 'इतर हक्क', 'आणेवारी' या शब्दांपुढे यंत्र काहीही लिहितं, आणि शून्य पूर्णांक चाळीस हेक्टरचे चार हेक्टर झाले तर वाटपाच्या दाव्यात तुला ते आयुष्यभर ऐकावं लागेल.

हे सगळं एकदम सुरू करू नकोस. या महिन्यात बोर्ड वाचणं आणि मुदतींची वही. बाकीचं दिवाळीनंतर.

राहिलं ते विलंब माफीच्या अर्जाचं, म्हणजे तू अजून प्रतिज्ञापत्र केलं नसशील तर. आपल्याकडे या अर्जाचा एक ठरलेला नमुना आहे, 'कारकुनाच्या नजरचुकीमुळे' अशी ओळ असलेला. तुझ्या टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्येही तो असेल. ती ओळ काढ. नानांनी ते वाचलं नाही तरी नक्कल विभागात कुणीतरी वाचेल आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ते नानांना कळेल. जे झालं तेच लिही : नक्कल या तारखेला तयार झाली, या तारखेला उचलली, उचलण्याचं काम ऑफिसात कुणा एकाकडे नेमून दिलेलं नव्हतं, मधले दिवस वजा होतील अशा चुकीच्या समजुतीनं मुदत मोजली गेली. पक्षकाराची यात काही चूक नाही हे ठळक लिही, कारण शिक्षा त्याला होणार आहे. समोरचे वकील विरोध करतील, खर्चही बसेल कदाचित. तो खर्च पक्षकाराकडून मागू नका, ऑफिसनं भरा, आणि हे बाबांना तू आत्ताच सांग, ऑर्डर झाल्यावर नको.